सूत्रधाराविना चौघे

फिलाडेल्फिया शहराच्या मध्यभागी रिटनहाउस स्क्वेअर नावाचे जे वृक्षाच्छादित उद्यान आहे, त्याच्या एका कोपऱ्याला लागून, लोकस्ट मार्गावरील १७२६ क्रमांकाची दगडी इमारत एके काळी ड्रेक्सेल घराण्यातील एका धनिकाची हवेली होती. १९२४ साली मेरी लुईझ कर्टिस बोक या बाईंनी ही हवेली आणि तिच्या परिसरातील आणखी मालमत्ता खरेदी करून तेथे संगीताचे विद्यालय स्थापन केले. आणि अवघ्या चार वर्षांनी, १९२८ साली, येथे प्रवेश मिळालेल्या कोणत्याही विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क म्हणून एक छदामही घ्यावयाचा नाही, असा जो निर्णय झाला, तो आजतागायत अबाधित राहिला आहे. बाईंचे वडील सायरस कर्टिस हे अमेरिकेतील मोठ्या खपाच्या नियतकालिकांचे मालक आणि पती एडवर्ड बोक हे त्याच नियतकालिकांपैकी एकाचे ख्यातनाम संपादक. त्या संपत्तीतून उभा राहिलेला कायम निधी, आणि प्रवेशासाठी गुणवत्तेखेरीज दुसरा कोणताही निकष न मानण्याचा दंडक, या दोन खांबांवर कर्टिस इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिक ही संस्था शंभर वर्षे उभी आहे. विद्यार्थी दीडशेच्या आसपास. बुधवारी दुपारी सर्वांनी एकत्र चहा घ्यावा ही बाईंनी घालून दिलेली रीत अजून चालू आहे, आणि विद्यार्थ्यांच्या मैफली नागरिकांना विनामूल्य खुल्या असतात ही रीतही.

अशाच एका वसंतातील सायंकाळी, लाकडी तावदानांनी मढविलेल्या आणि अडीचशेच्या आतच आसने असलेल्या तेथील सभागृहात, मी विद्यार्थ्यांच्या एका स्ट्रिंग क्वार्टेटचे वादन ऐकले. विद्यार्थ्यांचे वादन म्हणजे पुढे कधीतरी होणाऱ्या खऱ्या वादनाचा कच्चा मसुदा, ते ऐकावयाचे ते वात्सल्याने किंवा फार तर उत्तेजनार्थ, अशी जी समजूत आपल्याकडे आणि तिकडेही रूढ आहे, ती अन्य संगीतप्रकारांच्या बाबतीत काही अंशी खरी असेलही. परंतु क्वार्टेटच्या बाबतीत ती मुळीच खरी नाही, असे माझे त्या सायंकाळपासून निश्चित मत झाले आहे. या प्रकाराचे जे मर्म, ते विद्यार्थ्यांच्या वादनात जितके उघडे दिसते तितके पंचवीस वर्षे एकत्र वाजविणाऱ्या निष्णातांच्या वादनात दिसत नाही, कारण निष्णातांनी त्याच्या सर्व खुणा पुसून टाकलेल्या असतात.

दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो, प्रत्येकाला चार तारा, म्हणजे एकूण सोळा तारा आणि चार गज, एवढाच या प्रकाराचा सरंजाम. वाद्यवृंदात दहा-पंधरा व्हायोलिनवादक एकच ओळ वाजवीत असतात, त्यांतील एकाचा हात चुकला तर इतरांच्या नादात ते झाकून जाते, आणि समोर उभा असलेला संचालक ज्या क्षणी हात उचलील त्या क्षणी सर्वांनी सुरुवात करावयाची, हा हुकूम निर्विवाद असतो. येथे प्रत्येक ओळीचा धनी एकच, त्याच्यामागे लपण्यास कोणी नाही, आणि हुकूम देणाराही कोणी नाही. गती कोणी ठरवावयाची, स्वर कोणाच्या स्वराला मिळवावयाचा, शेवटची लांब टीप कोणत्या क्षणी सोडावयाची, हे सारे चौघांनी चौघांत, आणि तेही वाजविता वाजविता, ठरवावे लागते. पहिल्या व्हायोलिनकडे पुढारीपण असते असे म्हणतात. पण ते पुढारीपण दर चार मात्रांनी हातचे जाते, आणि ज्याच्याकडे ते जाते त्याला ते उचलण्याची, व ज्याचे जाते त्याला ते सोडण्याची, सारखीच तयारी ठेवावी लागते.

कार्यक्रमापूर्वीच्या एका तालमीला बसण्याची अनुज्ञा मला मिळाली होती. विशीच्या आतबाहेरचे ते चौघे, दोन मुली आणि दोन मुलगे, एका लहानशा खोलीत जवळजवळ गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि बराच वेळपर्यंत त्यांनी संगीत असे वाजविलेच नाही. एकच स्वरसंघात धरून ठेवावयाचा. प्रथम चेलोने आधारस्वर द्यावयाचा, त्यावर पंचम ठेवावयाचा, आणि मग व्हिओलावादक मुलीने त्यांच्या मध्ये गांधार अलगद आणून बसवावयाचा. तो बसला नाही की पुन्हा आरंभापासून. ज्याने तंबोरा लावताना कान देऊन ऐकले आहे त्याला या व्यापाराचे प्रयोजन समजावून सांगावे लागणार नाही. पियानोचे स्वर एकदा बांधले की बांधले; या तंतुवाद्यांवर पडदे नसल्यामुळे प्रत्येक स्वर बोटाने शोधावा लागतो, आणि म्हणूनच तो शुद्ध करण्याची मुभाही राहते. मुभा आहे तेथे जबाबदारी आली.

या जबाबदारीच्या मुळाशी एक गणित आहे, आणि ते महाराष्ट्रातील संगीतजिज्ञासूंना परके नाही. या चारही वाद्यांच्या लगतच्या तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते. चेलोची सर्वांत खालची तार ‘सी’ या स्वराची आणि व्हायोलिनची सर्वांत वरची ‘ई’ या स्वराची. ‘सी’ला षड्ज मानले तर ‘ई’ हा त्याचा शुद्ध गांधार. परंतु सी, जी, डी, ए, ई असे चार पंचम एकापुढे एक तंतोतंत शुद्ध लावीत गेले, तर अखेरीस हाती येणारा ‘ई’ हा खऱ्या गांधाराहून ८१ : ८० या प्रमाणात चढा निघतो. हे अंतर म्हणजेच आपल्या श्रुतिशास्त्रातील प्रमाणश्रुती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला, आणि पुढे त्यांच्या श्रुतिप्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गळ्याचे साहाय्य लाभले. देवलांनी ज्या सूक्ष्म अंतरासाठी आयुष्याची उत्तरवर्षे खर्ची घातली, तेच अंतर फिलाडेल्फियातील ही चार मुले रोज सकाळी आपापल्या तारांवर वाटून घेत होती. प्रत्येकाने आपला पंचम किंचित उतरा लावावयाचा, म्हणजे ती श्रुती कोणा एकाच्या माथी न पडता सर्वांत विभागली जाते. आणि पुढे वाजविताना ज्याच्या वाट्याला गांधार येईल त्याने तो कानाच्या साक्षीने उतरवावयाचा. स्वत:ची तार पूर्ण शुद्ध ठेवण्याचा हट्ट चौघांनीही धरला, तर चौघे मिळून बेसूर होतात.

प्रत्यक्ष मैफलीचा आरंभ हायडनच्या ७६व्या रचनासंचातील दुसऱ्या, डी मायनरमधील क्वार्टेटने झाला. योझेफ हायडनला क्वार्टेटचा जनक म्हणतात, आणि त्या जन्माची जी हकिकत त्याच्या आरंभीच्या चरित्रकाराने नोंदविली आहे ती मोठी अर्थपूर्ण आहे. १७५७च्या सुमारास ऑस्ट्रियातील वाइनत्सीर्ल येथे फ्युर्नबेर्ग नावाच्या उमरावाच्या वाड्यात तेथील पाद्री, उमरावाचा कारभारी, आल्ब्रेख्ट्सबेर्गर नावाचा चेलोवादक आणि पंचविशीचा, पोटापाण्यासाठी शिकवण्या करणारा हायडन, असे चौघे अधूनमधून जमत, आणि या चौघांना वाजविता यावे म्हणून हायडनने काही रचना केल्या. म्हणजे ज्या प्रकाराला पुढे पाश्चात्त्य संगीतातील परमोच्च बौद्धिक आविष्कार मानले गेले, त्याचे पहिले वादक धर्मोपदेशक आणि जमाखर्च पाहणारा कारभारी यांसारखे लोक होते. क्वार्टेट हे मुळात श्रोत्यांसाठी नव्हतेच. ते वाजविणाऱ्या चौघांसाठी होते, आणि श्रोता हा नंतर आलेला पाचवा. व्हिएन्नात शुपान्त्सिग या वादकाने १८०४-०५च्या सुमारास वर्गणी घेऊन क्वार्टेटच्या जाहीर मैफली सुरू केल्या, तेव्हा कोठे त्या पाचव्याला अधिकृत आसन मिळाले.

७६व्या संचातील ही रचना हायडनने १७९७च्या सुमारास, पासष्टीच्या घरात असताना केली. आरंभीच पहिले व्हायोलिन दोन उतरते पंचम टाकते, चार लांब स्वर, आणि संपूर्ण पहिला भाग त्या चार स्वरांच्या पायावर रचला जातो. ते कधी चेलोत बुडी मारतात, कधी उलटे होतात, कधी एकमेकांच्या अंगावर येतात, पण क्षणभरही नाहीसे होत नाहीत. एकाच मुखड्याला नाना अंगांनी सामोरे जाणाऱ्या आपल्या ख्यालगायकाच्या श्रोत्याला या रचनेत प्रवेश करण्यास कोणत्याही परिचयपत्राची आवश्यकता नाही, असे मला वाटते. पहिल्या व्हायोलिनवरील मुलीने ते चार स्वर टाकले ते थोडे अधिक गंभीरपणे, जणू त्यांच्या कीर्तीचे ओझे तिला जाणवत होते. परंतु तिसऱ्या भागातील त्या प्रसिद्ध मिन्युएटमध्ये, जेथे दोन्ही व्हायोलिने एका सप्तकाच्या अंतराने एकच धून वाजवितात आणि व्हिओला व चेलो तीच धून एक पाऊल मागून, तशाच सप्तकाच्या अंतराने, त्यांचा पाठलाग करीत वाजवितात, तेथे चौघांच्याही मुद्रेवरील दडपण नाहीसे झाले आणि वादनात एक रखरखीत, कठोर तेज आले.

शेवटच्या भागात, गती वाढलेली असताना, एक प्रसंग असा आला की दुसरे व्हायोलिन अर्धी मात्रा आधी निघाले. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आले असेल. मला दिसले ते एवढेच की व्हिओलावादक मुलीने मान किंचित वळविली, चेलोवादकाने आपल्या ठेक्यावरचा गजाचा दाब थोडा वाढविला, जेणेकरून मात्रेचा उंबरठा सर्वांना स्पष्ट ऐकू यावा, आणि तीन-चार मात्रांत दुसरे व्हायोलिन पुन्हा आपल्या जागी आले. कोणी थांबले नाही, कोणी कोणाकडे रोखून पाहिले नाही. मात्र आपल्या भागीदाराला सावरून घेण्याची ही जी क्रिया, तिचे दर्शन मला कोणत्याही नामांकित क्वार्टेटच्या निर्दोष ध्वनिमुद्रणात घडले नव्हते. मी आरंभी ज्या मर्माविषयी बोललो ते हे. क्वार्टेट हा चार स्वरांचा मेळ नसून चार लक्षांचा मेळ आहे, आणि लक्ष हे जेथे अजून सवयीत मुरलेले नसते तेथेच डोळ्यांना दिसते.

दुसरी रचना सॅम्युअल बार्बर यांची, ११व्या क्रमांकाची, १९३६ सालची. आणि ती या वास्तूत ऐकण्याला एक विशेष औचित्य होते. बार्बर हे या विद्यालयाच्या पहिल्याच वर्षी, चौदाव्या वर्षी, येथे दाखल झालेले विद्यार्थी. १९२७ साली याच विद्यालयात चार विद्यार्थ्यांनी एक क्वार्टेट बांधले आणि त्याला नाव दिले ‘स्वस्तिक क्वार्टेट’. कारण बोक दांपत्याच्या शहराबाहेरील निवासस्थानाचे नाव ‘स्वस्तिक’ असे होते. त्या काळी अमेरिकेतही ते चिन्ह शुभ मानीत, आणि युरोपात त्याची जी विटंबना झाली तिची छाया अजून तेथवर पोहोचली नव्हती. बार्बर यांची पहिल्या क्रमांकाची रचना, अठराव्या वर्षी लिहिलेली ‘सेरेनेड’, या विद्यार्थ्यांसाठीच होती. पुढे हे मंडळ कर्टिस क्वार्टेट या नावाने प्रसिद्धीस आले आणि त्यातील चेलोवादक ऑर्लँडो कोल, जे १०१ वर्षे जगले, ते त्यात अखेरपर्यंत, म्हणजे १९८१पर्यंत, वाजवीत राहिले. ११व्या क्रमांकाचे क्वार्टेट बार्बर यांनी ज्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले ते हेच आपले सहाध्यायी. त्याचा मधला संथ भाग पूर्ण होताच ऑस्ट्रियातून त्यांनी त्याची आनंदवार्ता कोल यांनाच पत्राने कळविली होती. प्रथम प्रयोग मात्र त्याच वर्षी डिसेंबरात रोम येथे प्रो आर्ते क्वार्टेटने केला.

तो संथ भाग म्हणजे आज जगभर शोकप्रसंगी वाजविला जाणारा ‘अडाजिओ’. ५ नोव्हेंबर १९३८ रोजी बार्बर यांनीच वाद्यवृंदासाठी केलेले त्याचे रूप संचालक तोस्कानिनी यांनी नभोवाणीवरून प्रसृत केले आणि तेव्हापासून लोकांना तेच रूप ठाऊक आहे. चार वाद्यांवरील मूळ रूप ऐकल्यावर मला वाद्यवृंदाचे रूप फार भरघोस, फार सुखावह वाटू लागले आहे. साठ तंतुवाद्ये मिळून जेव्हा त्या उंच शिखरावर जातात तेव्हा श्रोत्याला आधार वाटतो. चार जण जातात तेव्हा प्रत्येक गजाचा घर्षणध्वनी, प्रत्येक बोटाखाली ताणलेली तार ऐकू येते, आणि दु:ख सामुदायिक न राहता चार निरनिराळ्या व्यक्तींचे होते. व्हिओलाने ती धून हाती घेतली तेव्हा पहिल्या व्हायोलिनने आपला आवाज जवळजवळ श्वासाइतका खाली आणला. एकवीस वर्षांच्या मुलीला इतके मागे सरता यावे याचे मला त्या संध्याकाळी सर्वांत अधिक कौतुक वाटले.

कर्टिस क्वार्टेटच्या या कथेला मुंबईचा धागा आहे, आणि तो अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसावा. मुंबईत १९०८ साली जन्मलेले व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता यांनी आपल्या बालपणाविषयी बोलताना घरात चालणाऱ्या तालमींचा उल्लेख वारंवार केला आहे. अक्षरांच्या आधी त्यांच्या कानांवर क्वार्टेट पडले. १९४५ साली, सदतिसाव्या वर्षी, प्रतिष्ठित वादक असूनही मेहली मेहता पुन्हा विद्यार्थी झाले आणि न्यूयॉर्कला आयव्हन गॅलामियन यांच्यापाशी शिकण्यास गेले. नंतर मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात काही वर्षे चाकरी करून १९५९ साली ते फिलाडेल्फियास आले ते कर्टिस क्वार्टेटमधील दुसरे व्हायोलिनवादक म्हणून. ज्याने आपल्या शहरात वाद्यवृंद उभा केला, त्याने पन्नाशी उलटताना दुसऱ्या व्हायोलिनचे आसन स्वीकारावे, यात मला कोणताही अधिकारऱ्हास दिसत नाही. दुसरे व्हायोलिन ज्याला मनापासून वाजविता येते त्यालाच क्वार्टेट कळले. पाच वर्षांनी ते लॉस एंजेलिसला गेले, १९६४ साली तेथे अमेरिकन यूथ सिंफनी हा तरुण वादकांचा वृंद त्यांनी स्थापिला आणि नव्वदीच्या घरात जाईपर्यंत त्याचे संचालन केले.

मध्यंतरानंतर दोन्ही व्हायोलिनवादकांनी आसनांची अदलाबदल केली. एमर्सन क्वार्टेटने आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीत ही प्रथा रूढ केली आणि विद्यार्थ्यांना तिचा लाभ फार मोठा आहे. मघाशी अर्धी मात्रा आधी निघालेला मुलगा आता पुढे बसला होता, आणि रचना होती मेंडेल्सोनचे १३व्या क्रमांकाचे, ए मायनरमधील क्वार्टेट. मार्च १८२७मध्ये बेटहोव्हन निवर्तला. त्याच वर्षी अठरा वर्षांच्या मेंडेल्सोनने, बेटहोव्हनच्या अखेरच्या क्वार्टेटांचा अभ्यास करून, हे लिहिले. ज्येष्ठांना ज्या रचना दुर्बोध वाटत होत्या त्या या मुलाने गुरुस्थानी मानल्या. आरंभी आणि अंती त्याने स्वत:च्याच एका प्रश्नार्थक गीताची धून योजिली आहे. मधल्या संथ भागात व्हिओलापासून सुरू होणारा फ्यूग, म्हणजे एकच धून एकेका वाद्याने उचलीत जाण्याचा प्रकार, आहे. आणि अंतिम भागाच्या प्रारंभी तिघे जण गज थरथरवीत असता पहिले व्हायोलिन एकटेच आर्त आलाप करते. तो आलाप त्या मुलाने असा वाजविला की त्यात नाटकीपणाचा दोष काढता आला असता, परंतु अठरा वर्षांच्या संगीतकाराची रचना त्याच वयाच्या वादकाने वाजविताना जो आवेग येतो, तो पन्नाशीतील वादकाने कौशल्याने आणावा लागतो, हेही मान्य केले पाहिजे. तिसऱ्या भागातील लवलवते गजकाम मात्र अस्पष्ट झाले. तेथे तालीम कमी पडली होती.

कार्यक्रमानंतर व्हिओलावादक मुलीशी थोडे बोलणे झाले. चौघांत मतभेद झाला तर निकाल कसा लावता, असे मी विचारले, तेव्हा तिने सांगितले की ते वाद बोलून मिटवीत नाहीत. प्रत्येकाचे म्हणणे एकेकदा पूर्ण निष्ठेने वाजवून पाहतात, आणि ज्याचे मत पटत नाही त्यानेच ते सर्वांत चांगले वाजवावे असा त्यांचा नियम आहे. हा नियम त्यांना त्यांच्या शिक्षकाने घालून दिला होता. ते शिक्षक, तीस वर्षांहून अधिक काळ क्वार्टेट वाजविलेले गृहस्थ, मागच्या रांगेत बसले होते आणि मध्यंतरात मुलांकडे फिरकलेही नव्हते. कर्टिसमध्ये व्हिओलावादक लुई बायी यांच्यासारख्या मुरब्बी क्वार्टेटवादकाची आरंभीच्या काळात नेमणूक झाली, तेव्हापासून ज्येष्ठाने धाकट्यांसह वाजवावे आणि वेळ येताच बाजूला व्हावे, ही पद्धत तेथे चालत आली आहे. आपल्या बैठकीत शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो. तेथे पुष्कळदा गुरूच शिष्याच्या शेजारी दुसरे व्हायोलिन घेऊन बसतो. दोन्ही परंपरांना विद्या कानातून कानात जाते हे ठाऊक आहे. याच पद्धतीतून २००८ साली त्या वेळच्या चार विद्यार्थ्यांचे डोव्हर क्वार्टेट निघाले, ज्याने बार्बर यांच्याच एका रचनेवरून नाव घेतले आणि २०१३ साली कॅनडातील बॅन्फची स्पर्धा जिंकली.

हे सारे परदेशातील वैभव, आपला त्याच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल तर त्याला गोव्याकडे पाहण्यास सांगितले पाहिजे. पोर्तुगीज अंमलात गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या शाळांच्या परंपरेतून आलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताला तंतुवाद्यांचा तो भरदार ध्वनी दिला जो आपण दोन पिढ्या ऐकत आलो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून राग आणि पाश्चात्त्य वृंदरचना यांची सांगड घालण्याचा धाडसी प्रयत्न केला. आजही पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. त्याच शहरात २००९पासून चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन गरीब घरांतील मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो देत आहे. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन आणि एनसीपीएतील सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची अकादमी मुलांना शिकवीत आहेत. या मुलांच्या मैफली होतात, त्यांना बहुधा आईबाप आणि शिक्षक एवढेच श्रोते मिळतात, आणि वृत्तपत्रांत त्यांची नोंद येत नाही.

तंबोऱ्याच्या जवारीतला फरक ओळखणारा, दोन गवय्यांच्या जुगलबंदीत कोण कोणाला वाट देतो हे हेरणारा जो श्रोता महाराष्ट्राने शंभर वर्षांत घडविला, त्याच्याइतका योग्य श्रोता या मुलांना अन्यत्र क्वचितच मिळेल. म्हणून माझी वाचकांस विनंती आहे की यंदाच्या हिवाळ्यात पणजीत, मुंबईत किंवा पुण्यात विद्यार्थ्यांच्या क्वार्टेटची मैफल असल्याचे कळले, तर त्यांनी अवश्य जावे, शक्यतो पुढच्या रांगेत बसावे, आणि पहिल्या व्हायोलिनकडे न पाहता दुसऱ्याकडे पाहावे.